रुजू होण्याची भीती

सरकारी नोकर आजारपणाच्या रजेवरून कामावर परत येऊ लागला म्हणजे त्याला एक दाखला हजर करावा लागतो. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा-नियमांत ह्या दाखल्याचा नमुना घालून दिलेला आहे. नमुना क्रमांक पाच. संबंधित इसम आजारातून बरा झाला असून आता कामावर रुजू होण्यास योग्य आहे, एवढाच त्यातील मजकुराचा मथितार्थ. डॉक्टरांची सही होते, शिक्का उमटतो, कागद आस्थापना शाखेत जातो आणि एका दिवसात रुग्णाचा पुन्हा कर्मचारी होतो. ह्या कागदाला शब्द दोनच ठाऊक आहेत: योग्य आणि अयोग्य. कचेरीच्या रोजच्या बोलीत सांगावयाचे तर 'फिट' आणि 'अनफिट'. आज मला बोलावयाचे आहे ते ह्या दोन शब्दांच्या मधल्या जागेविषयी. दीर्घ आजारातून उठलेली कितीतरी माणसे ह्या मधल्या जागेत महिनेच्या महिने काढतात. तेथे त्यांच्या सोबतीला औषधे असतात, व्यायाम असतो, घरची माणसे असतात; आणि ज्याची नोंद सहसा कोणत्याही केसपेपरवर होत नाही असे एक भय असते. ते भय मरणाचे नव्हे, दुखण्याचेही नव्हे. ते असते पुन्हा कामावर जाण्याचे.

मी नोकरीनिमित्त कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागात राहतो. मूळची ही खाऱ्या पाण्याची दलदल. हुगळी नदीतील गाळ पाण्यासह नळांवाटे आणून ती भरून काढण्याचे काम १९६२ मध्ये सुरू झाले. ज्यांच्या आग्रहामुळे ते झाले, ते पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय त्याच वर्षी १ जुलैला निवर्तले आणि पुढे ह्या नगराला बिधाननगर असे त्यांचेच नाव मिळाले. रॉय हे मूळचे नामांकित डॉक्टर. अशा एका डॉक्टरच्या संकल्पनेतून उठलेल्या ह्या नगरात आज रुग्णालये आणि कचेऱ्या अगदी शेजारी नांदत आहेत. विकास भवन, विद्युत भवन, पूर्त भवन अशा राज्य सरकारच्या टोलेजंग इमारती. केंद्र सरकारच्या कार्यालयांचा समूह. पाचव्या सेक्टरात संगणक-कंपन्यांचे काचेचे मनोरे. आणि ह्या सर्वांच्या मध्ये लहानमोठी इस्पितळे, व्यायामोपचाराची केंद्रे. सकाळी साडेनऊच्या सुमारास करुणामयीच्या चौकात उभे राहावे. डबा घेऊन कचेरीकडे लगबगीने निघालेल्यांच्या त्याच गर्दीत, हातात काठी आणि काखेत क्ष-किरणचित्रांचे पाकीट घेतलेला एखादा इसम सावकाश पावले टाकताना दिसतो. रुग्णालय ते कचेरी हे अंतर येथे सायकलरिक्षाने दहा मिनिटांचे. परंतु ह्या दुसऱ्या माणसाला तेच अंतर तोडावयास कित्येकदा सहा-सहा महिने लागतात, आणि त्याचे कारण केवळ त्याच्या पायात नसते.

हे भय कसे असते, ते जरा जवळून पाहू. एक लेखापाल घ्या. अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आहे, चार महिन्यांच्या उपचारानंतर उजवा हात बऱ्यापैकी चालू लागला आहे. घरी तो वर्तमानपत्र वाचतो, नातवाला गणित शिकवतो. पण कचेरीचे नाव निघाले की त्याची सही वेडीवाकडी होऊ लागते. बँकेने सही परत केली तर? बेरीज चुकली आणि ती हाताखालच्या माणसाच्या नजरेस आली तर? आता एक बसवाहक घ्या. हृदयविकाराचा झटका येऊन गेला. डॉक्टर म्हणतात, रोज दोन मैल चाला. तो चालतोही. पण आगाराच्या दिशेने जाणारा रस्ता मात्र तो टाळतो, लांबच्या वळणाने बाजाराला जातो. तिसरा, कारखान्यातील यंत्रचालक. दाबयंत्राखाली दोन बोटे गेली. जखम केव्हाच भरून आली. पण लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज आला की त्याच्या अंगाला दरदरून घाम सुटतो. ही माणसे काल्पनिक आहेत, परंतु असा एखादा लेखापाल, असा एखादा वाहक आपल्या नात्यात वा शेजारात नाही असा श्रोता विरळाच असेल.

ह्यावर आपल्या समाजाचे निदान ठरलेले आहे. रजा अंगवळणी पडली, घरी बसून पगार मिळतो तर कोण जाईल, असे आपण म्हणून जातो. वस्तुतः कामचुकार माणूस आणि भ्यालेला माणूस ह्यांतील फरक ओळखणे मुळीच अवघड नाही. कामचुकार माणूस रजेवर सुखात असतो. भ्यालेला माणूस रजेवरही सुखात नसतो. रजा संपत आली की त्याची झोप उडते, अन्न जाईनासे होते. आणि रजा वाढवून मिळाली की दोन दिवस त्याला हायसे वाटते, तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःचीच लाज वाटू लागते. ज्याला काम नको आहे त्याला लाज कशाची वाटणार? लाज वाटते ती ज्याला काम हवे आहे पण तेथवर पोहोचता येत नाही त्याला.

जर्मनीत मिखाएल लिंडेन आणि बियाटे मुशाल्ला ह्या दोघा संशोधकांनी गेल्या काही वर्षांत ह्या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. बर्लिनच्या परिसरातील पुनर्वसन-रुग्णालयांतील रोग्यांना त्यांनी त्यांच्या कामाविषयी तपशीलवार प्रश्न विचारले. मनाच्या आजाराचे रोगी त्यांत होते, तसेच हृदयाचे, मज्जासंस्थेचे आणि हाडांचेही होते. ह्या अभ्यासातून पुढे आलेली गोष्ट अशी की, कामासंबंधीचे भय हे स्वभावातील सर्वसाधारण भित्रेपणाहून निराळे असू शकते. एरवी धीट असलेला माणूसही कामाच्या जागेपुरता भयग्रस्त होतो. कोणाला वरिष्ठांची भीती वाटते, कोणाला सहकाऱ्यांची. कोणाला आपली कुवत कमी पडेल अशी, तर कोणाला कामामुळेच आपली प्रकृती पुन्हा ढासळेल अशी. आणि हे भय जितके तीव्र, तितकी रजा लांबत जाते. त्याच्या तीव्र अवस्थेला त्यांनी कार्यस्थळाचा भयगंड असेच नाव दिले आहे. ज्या गोष्टीला नाव मिळते तिच्यावर उपचार शोधता येतो. नाव नसते तोवर तिला आळस म्हणण्याची सोय असते.

ह्या भयाचे शरीराशी असलेले नाते मोठे फसवे आहे. भीती वाटली की छाती धडधडते, श्वास अपुरा पडतो, हातपाय गार पडतात. निरोगी माणूस ह्याकडे दुर्लक्ष करतो. परंतु ज्याचे हृदय एकदा दगा देऊन गेले आहे त्याला हीच धडधड दुसऱ्या झटक्याची वर्दी वाटते. त्या समजुतीने भीती वाढते, आणि वाढलेल्या भीतीने धडधड आणखी वाढते. पाठदुखीच्या रोग्याचे चक्र निराळे, पण जात तीच. वाकले की दुखेल म्हणून तो वाकत नाही. न वाकल्यामुळे पाठीचे स्नायू दुबळे होतात. दुबळे स्नायू थोड्याशा श्रमानेही दुखतात. आणि मग त्याला वाटते, पाहा, मी म्हणत नव्हतो? अर्धांगवायूतून उठलेल्या माणसाला एक विलक्षण थकवा येतो. तो बाहेरून दिसत नाही, चालण्याबोलण्यातून कळत नाही. परंतु दोन तास लक्षपूर्वक काम केले की मेंदू जणू दिवा मालवून बसतो. सहकाऱ्यांना दिसते ते एवढेच की, साहेब सकाळी ठीक होते आणि दुपारी टेबलावर डोके ठेवून बसले. ज्याला हा थकवा ठाऊक आहे त्याला भीती वाटते ती थकव्याची नव्हे, त्याच्या अर्थाचा अनर्थ होण्याची.

भयाला शरीराबाहेरचीही कारणे आहेत. सहा महिन्यांनी परतलेल्या माणसाला आपली खुर्ची जागेवर असली तरी आपले काम जागेवर सापडत नाही. त्याच्या फायली दुसऱ्याने हाताळलेल्या असतात. संगणकावरची पद्धत बदललेली असते. साहेब नवे आलेले असतात, आणि ह्या माणसाची वीस वर्षांची कर्तबगारी त्यांना माहीत नसते, माहीत असतो तो फक्त त्याचा रजेचा हिशेब. शिवाय घरात ह्या काळात पैशाची ओढाताण झालेली असते. म्हणजे ज्या कामाची भीती वाटते त्याच कामाची नितांत गरजही असते. गरज आणि भीती एकाच गोष्टीची असणे, ह्याहून मोठी कोंडी ती कोणती?

आता एक विचार असा मनात येतो की, भय जर कामाचे असेल तर कामापासून त्या माणसाला दूर ठेवावे, म्हणजे झाले. दयाळू माणसे बहुधा हाच मार्ग सुचवितात. परंतु गेल्या शंभर वर्षांत पुनर्वसनाच्या क्षेत्रात ज्यांनी भरीव काम केले, त्यांचा अनुभव ह्याच्या अगदी उलट आहे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत एक शाळा निघाली. तीच पुढे पुण्याजवळ खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट म्हणून नांदू लागली. हात वा पाय गमावलेल्या जवानाच्या हाती तेथे हत्यारे दिली गेली, धंदा शिकविला गेला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान ह्यांनी पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांचा विभाग उघडला. तोवर असे रोगी अंथरुणात पडून मृत्यूची वाट पाहत असत. गुटमान ह्यांनी त्यांना उठवून बसविले, सुतारकाम आणि घड्याळदुरुस्ती करावयास लावले आणि १९४८ मध्ये त्यांचे क्रीडासामने भरविले. जगभर गाजणाऱ्या पॅरालिंपिक स्पर्धांचा उगम तोच. परंतु गुटमान ह्यांचे ध्येय पदके मिळविणे हे नव्हते; माणूस पुन्हा आपल्या कष्टाची भाकरी खाऊ लागला पाहिजे, कर भरू लागला पाहिजे, हे होते.

ह्या स्पर्धांत भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले ते एका मराठी जवानाने. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या कमरेखालचे बळ गेले. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. ह्या पदकाविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते, त्यावर चित्रपटही निघाला. परंतु मला त्यांच्या चरित्रातील दुसरी गोष्ट तितकीच मोलाची वाटते. ती अशी की, त्यांनी पुढे पुण्याच्या टेल्को कारखान्यात अनेक वर्षे नोकरी केली. पाण्यात उडी घेण्याचे धैर्य काही क्षणांचे असते. रोज ठरलेल्या वेळी हजेरी लावण्याचे धैर्य वर्षानुवर्षांचे असते, आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत.

काम हेच औषध, हा विचार वैद्यकात शास्त्रशुद्ध रीतीने आणणारी विद्याशाखा म्हणजे व्यवसायोपचार. भौतिकोपचार हाताचे स्नायू बळकट करतो. व्यवसायोपचार विचारतो, ह्या हाताने काय करावयाचे आहे? कुलपात किल्ली फिरवावयाची आहे, की पेन धरावयाचे आहे, की पोळी लाटावयाची आहे? मग तीच कृती लहान लहान तुकड्यांत पाडून रोग्याकडून करून घेतो. आपल्या देशात ह्या विद्येचे पहिले विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले, आणि ते सुरू करणाऱ्या बाई होत्या कमला निंबकर. त्या जन्माने अमेरिकन, माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. विवाहाने त्या निंबकरांच्या घरात आल्या आणि मनाने इथल्याच झाल्या. फलटणची त्यांच्या नावाची शाळा अनेकांना ठाऊक असेल. पण अपघाताने हात लुळा पडलेल्या एखाद्या माणसाने पुन्हा आपल्या हाताने घास घेतला, तर त्या घासातही ह्या बाईंचा वाटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पाठोपाठ १९५५ मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था निघाली. इकडे कोलकात्यात बनहुगली येथे १९७८ मध्ये अस्थिव्यंगांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

आणि ज्यांच्या बाबतीत भय केवळ रोग्याला नव्हे तर साऱ्या समाजाला होते, त्या कुष्ठरोग्यांचे काय? १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीच्या द्वारे बाबा आमटे ह्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. तेथे येणाऱ्यांना त्यांनी आधी विहीर खणावयास आणि जमीन कसावयास लावले. बोटे झडलेल्या हातांनी पिकविलेला भाजीपाला प्रारंभी बाजारात कोणी घेईना. पुढे तोच घेतला जाऊ लागला. भीती उपदेशाने जात नाही, ती कामाच्या अनुभवाने जाते, करणाऱ्याचीही आणि पाहणाऱ्याचीही, हा आनंदवनाचा धडा आहे.

आता कायद्याकडे वळू, कारण ह्या बाबतीत आपला कायदा बराच पुढे गेलेला आहे आणि तो पुष्कळांना माहीत नाही. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढून टाकता येणार नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येणार नाही, असे १९९५ च्या अपंगविषयक कायद्याच्या ४७ व्या कलमाने सांगितले. कुणाल सिंग नावाच्या एका शिपायाचा पाय कर्तव्यावर असताना दुखावला आणि पुढे कापावा लागला; त्याला सेवेतून कमी करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ह्याच कलमाचा आधार घेऊन त्याच्या बाजूने निकाल दिला. १९९५ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २० व्या कलमात तेच संरक्षण कायम ठेवले. पूर्वीचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे. तेही नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा सेवानिवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे. आणि काम करता यावे म्हणून वाजवी सोयी करून द्याव्यात. कारखान्यांतील विमाधारक कामगारांसाठी राज्य कामगार विमा योजना आहे. तिच्यात आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के, आणि कामावरील अपघाताने आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वात ९० टक्के भरपाई मिळते. सॉल्ट लेकहून थोड्याच अंतरावर माणिकतला येथे ह्या योजनेचे रुग्णालय आहे.

हे सर्व योग्यच आहे. परंतु कायदा नोकरी राखू शकतो, वेतन राखू शकतो. आत्मविश्वास राखण्याचे कलम कोणत्याही कायद्यात घालता येत नाही. अधिसंख्य पदाचेच पाहा. कागदावर ती मोठी कृपा आहे. प्रत्यक्षात काय होते? माणसाला एक खुर्ची मिळते, तिच्यापुढे एक टेबल मिळते, आणि त्या टेबलावर काहीही येत नाही. 'तुम्ही आराम करा हो, आम्ही पाहतो,' असे सर्वजण प्रेमाने म्हणतात. चहा वेळेवर येतो. आणि आपण निकामी झालो आहोत ही जी शंका त्याला रुग्णालयात छळत होती, तिच्यावर आता साऱ्या कचेरीने गोडीगुलाबीने शिक्कामोर्तब केलेले असते. ह्याच्या उलट दुसरी रीत आहे. दाखला 'फिट'चा आहे ना? मग पहिल्याच दिवशी सहा महिन्यांचे तुंबलेले काम त्याच्या अंगावर टाकावयाचे. माणूस आठवड्यात कोलमडतो, पुन्हा रजेचा अर्ज येतो आणि पुढच्या वेळी भय दुप्पट झालेले असते. काम न देणे आणि काम लादणे, ह्या दोन्ही रीती त्या दाखल्यातल्या दोन शब्दांतूनच जन्मतात. मधला मार्ग कागदाला सुचत नाही, तो माणसांनी काढावा लागतो.

ज्या भूमीवर मी राहतो तिची भर पुरी झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी इमारत उभी राहत नाही. गाळातील पाणी निचरून जावे लागते, माती बसावी लागते, मग हलके आणि त्यानंतर जड असे ओझे ती पेलते. दुखण्यातून उठलेल्या माणसाचेही असेच आहे. जर्मनीत ह्यासाठी टप्प्याटप्प्याने रुजू होण्याची पद्धत आहे. रोगी प्रथम दिवसाला दोन-तीन तास कामावर जातो, काही आठवड्यांनी चार-पाच, आणि मग पूर्ण वेळ. ह्या काळात तो कागदोपत्री आजारीच समजला जातो, त्यामुळे त्याला आजारभत्ता मिळत राहतो आणि मालकावर भार पडत नाही. शिवाय वर्षभरात सहा आठवड्यांहून अधिक काळ आजारी असलेल्या कर्मचाऱ्याबरोबर बसून, त्याला कामावर परत कसे घेता येईल ह्याचा विचार करण्याचे बंधन २००४ पासून तेथील मालकांवर आहे. आपल्या रजा-नियमांना रजेवर आणि कामावर ह्या दोनच अवस्था ठाऊक आहेत. तरीही 'वाजवी सोय' हे दोन शब्द २०१६ च्या कायद्यात आहेत, आणि समंजस कार्यालयप्रमुखाला तेवढे पुरेसे आहेत.

त्याने काय करावे? फार थोडे. माणूस रजेवर असतानाच महिन्यातून एकदा त्याला दूरध्वनी करावा, आणि तो 'कधी येता?' हे विचारण्यासाठी नव्हे, तर कचेरीत काय चालले आहे ते सांगण्यासाठी. रुजू होण्यापूर्वी एक दिवस त्याला नुसते भेटावयास बोलवावे. जिने, स्वच्छतागृह, टेबल त्याच्या नजरेखालून जावे. पहिल्या दिवशी त्याच्यापुढे एकच काम ठेवावे, पण ते खरे असावे आणि पुरे असावे. ज्याच्यावाचून कोणाचेही अडत नाही असे काम देऊ नये. ज्याच्या अखेरीस त्याची सही लागते असे द्यावे. दर आठवड्याला ओझे थोडे वाढवावे, आणि वाढविताना त्याला विचारावे. ह्याला निधी लागत नाही, शासननिर्णय लागत नाही.

डॉक्टरांकडेही एक मागणे आहे. रोग्याला 'तुम्ही काय करता?' असे आपण विचारता आणि तो 'नोकरी' म्हणतो. तेथे न थांबता पुढचा प्रश्न विचारावा: दिवसभरात नेमके काय काय करावे लागते, आणि त्यांतले कोणते नको वाटते? ह्या एका प्रश्नात कित्येकदा महिन्याभराच्या औषधाचे गुण असतात. कारण भय बहुधा संपूर्ण कामाचे नसतेच. ते एखाद्या जिन्याचे, एखाद्या यंत्राचे, एखाद्या माणसाचे असते. आणि हेही लक्षात घेतले पाहिजे की, काही वेळा भय अगदी खरे असते. ज्या यंत्राने बोटे नेली त्याला अजूनही संरक्षक जाळी बसविलेली नसेल, किंवा ज्या वरिष्ठाच्या छळाने माणूस खचला तोच वरिष्ठ तेथे बसलेला असेल, तर उपचार रोग्यावर नव्हे, त्या जागेवर झाला पाहिजे. अशा ठिकाणी धीर धरण्याचा उपदेश करणे हा निव्वळ अन्याय होय.

घरच्या माणसांनी 'घाबरू नका' हे शब्द शक्य तो उच्चारू नयेत. घाबरलेल्या माणसाला त्यांतून एवढेच कळते की आपले घाबरणे इतरांना आवडलेले नाही. त्याऐवजी त्याच्याबरोबर कचेरीच्या फाटकापर्यंत एकदा चालून यावे. दुसऱ्या दिवशी फाटकाच्या आत. आणि खुद्द रोग्याने भय संपूर्ण जाण्याची वाट पाहत बसू नये. भय आधी जाईल आणि मग आपण कामावर जाऊ, असा क्रम बहुधा नसतो. थोड्या थोड्या कामाबरोबर ते थोडे थोडे ओसरत जाते. छाती धडधडली तर डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणा आठवाव्यात. त्या नसतील तर ती धडधड भयाची आहे असे समजून जागेवरच थांबावे. काही मिनिटांत ती आपोआप उतरू लागते, आणि ती उतरताना जो पाहतो त्याला जे कळते ते दुसऱ्या कोणाच्या सांगण्याने कळत नाही.

शेवटी ज्यांच्याविषयी बोलल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही, त्यांच्याविषयी. करुणामयीच्या चौकात आपल्याला पोहोचविणारा सायकलरिक्षावाला, घरोघर धुणीभांडी करणारी बाई, बांधकामावरचा बिगारी ह्यांना रजा नाही, दाखला नाही, अधिसंख्य पद नाही. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे निर्माण केली आणि विस्कळीत कामगारालाही संरक्षण देता येते हे दाखवून दिले. परंतु असंघटितांचा फार मोठा वर्ग अशा छत्राबाहेरच आहे. रुजू होण्याची भीती ह्यांनाही वाटते. पण ती बाळगण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नसतो. हाड पुरते जुळण्यापूर्वीच ते पायटा मारू लागतात आणि आयुष्यभराचे व्यंग पत्करतात. आपल्यापैकी कोणाच्या घरची कामवाली दुखण्याने महिनाभर आली नाही, तर तिचा पगार चालू ठेवणे आणि ती परतल्यावर पहिले काही दिवस जड काम सांगू नये, एवढे आपल्या हातात निश्चित आहे. तिच्या बाबतीत मालक आपण आहोत, कार्यालयप्रमुख आपण आहोत आणि नियमही आपणच आहोत.

श्रोतेहो, कामाने माणसाला वेतन मिळते हे खरे; पण त्याहून अधिक असे काही मिळते, आणि ते काय हे त्याला आजारी पडल्यावर कळते. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, ही जाणीव. दीर्घ आजार माणसाची शक्ती नेतो, ती व्यायामाने परत येते. पैसा नेतो, तो यथावकाश भरून निघतो. ही जाणीव मात्र कोणत्याही रुग्णालयात मिळत नाही. ती कामाच्या जागीच परत मिळते आणि सहकाऱ्यांनीच ती द्यावयाची असते. म्हणून पुढच्या वेळी आपल्या शेजारच्या टेबलाशी कोणी दीर्घ रजेवरून परत आला, तर त्याची विचारपूस अवश्य करावी. आणि ती झाली की एक अडलेली फाइल त्याच्यापुढे सरकवून म्हणावे, 'बरे झाले आलात. हे जरा पाहता का? तुमच्यावाचून अडले होते.'